सीप्झच्या कुंपणातलं चर्च

गेल्या वीकेंडला रिलीज होतं, त्यामुळे लिहायला जमलं नाही. या वेळी मात्र ऑफिसच्याच आवारातला विषय.

अंधेरीला सीप्झमध्ये कामाला असलेल्या प्रत्येकाने 'आत एक भुताचं चर्च आहे' हे ऐकलेलं असतं. रात्रपाळीचे सिक्युरिटीवाले किस्से रंगवून सांगतात. मीही पाच वर्षं नुसतेच ऐकले. एकदा बिल्ड अडकलं होतं, म्हणून चहा सोडून तिकडे वळलो. झाडीत उभ्या दगडी भिंती, दर्शनी बाजूची कमान, आणि वर छप्परच नाही, थेट आकाश! भूतबित काही भेटलं नाही.

हे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च. बांधलं १५७९ साली, जेझुइट पाद्र्यांनी. म्हणजे शिवाजी महाराजांच्या जन्माच्या एक्कावन्न वर्षं आधी! गुजरातच्या बहादूरशहाकडून १५३४ च्या तहात वसई आणि साष्टी पोर्तुगीजांकडे आली होती. तिकडे युरोपात ल्यूथरने चर्चमध्ये उभी फूट पाडली होती. जेझुइट संघ १५४० साली मान्यता मिळून उभा राहिला आणि बघता बघता आपल्या कोंडिविट्यापर्यंत पोचला. पोर्तुगीज कागदांत गावाचं नाव 'कोंदिता'. या भागातलं मोठं नाव म्हणजे फादर मॅन्युएल गोम्स. लोकांशी बोलायचं तर लोकांचीच भाषा हवी, हे त्यांना उमगलेलं होतं. (हे आमच्या क्लायंटला कधी कळणार, देव जाणे.)

जवळच महाकालीची लेणी आहेत. ती बौद्ध भिक्षूंनी कोरलेली, या चर्चच्या किती तरी शतकं आधीची. एका टेकडीच्या आसपास एवढा इतिहास, आणि आपण तिथून रोज शेअर रिक्षाने जातो, कानात हेडफोन घालून!

पुढे १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत साष्टी आणि वसई मराठ्यांनी घेतली. १७७४ मध्ये साष्टी इंग्रजांकडे गेली. सत्ता बदलल्या, पण गावातली ख्रिस्ती कुटुंबं तिथेच शेती करत राहिली, घरात मराठीच बोलत राहिली. मुंबईचे 'ईस्ट इंडियन' ते हेच. हे नाव त्यांनी घेतलं ते १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वेळी. नावावरून परके वाटतात, पण आहेत मात्र अस्सल इथले.

सत्तापालटांनी जे झालं नाही ते रोगाने केलं. १८४० साली गावात साथ आली. लोक उठले आणि मरोळला गेले. जाताना मूर्ती, खांब, बाप्तिस्म्याचं पात्र, सगळं घेऊन गेले. आमच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण मायग्रेशन! मरोळचं चर्च मात्र सेंट जॉन द इव्हँजेलिस्टच्या नावाचं. जॉन दोन्हीकडे, पण माणसं वेगळी. एक येशूला बाप्तिस्मा देणारा, दुसरा शुभवर्तमान लिहिणारा. मी आधी दोघांना एकच समजत होतो.

मागे राहिल्या त्या भिंती. १९७३ साली सीप्झ सुरू झालं, इलेक्ट्रॉनिक्सच्या निर्यातीसाठी. कुंपण पडलं आणि भिंती आत गेल्या. निर्यातक्षेत्र म्हटल्यावर पास लागणारच. पण गंमत बघा, माझ्या गळ्यात आयकार्ड आहे म्हणून मी चहाच्या सुट्टीत तिथे जाऊन उभा राहतो. ज्यांच्या पूर्वजांची लग्नं तिथे लागली, ते बाहेर. वर्षातून एकदा तिथे मिस्सा होते, तेव्हा गेट उघडतं आणि मरोळ-कोंडिविट्याची माणसं आत येतात.

हे मी टीममधल्या एका ईस्ट इंडियन मुलाला सांगितलं. तो म्हणाला, "माझी आजी दर वर्षी जाते रे. छत्री घेऊन बसते, वर छप्पर नाही ना."

असो. २०२० साली आम्हीही साथीमुळे एका संध्याकाळी ऑफिस सोडलं. पुन्हा गेलो तेव्हा माझ्या खुर्चीवर स्वेटर तसाच होता, आणि मॉनिटरवर चिकटवलेली पिवळी चिठ्ठी: 'सोमवारी बघू.'