निरगाठ, सुरगाठ आणि मोटेचा नाडा

दोर हा नाशवंत पदार्थ असल्यामुळे गाठीचा इतिहास उत्खननात क्वचितच हाती लागतो. तो शोधावयाचा तर शब्दांकडे वळावे लागते. इंदापूर-बारामती भागातील कळससारख्या अवर्षणप्रवण मुलखातील गावांचे कृषिजीवन या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे.

'गाठ' हा शब्द संस्कृत 'ग्रन्थि'पासून, तर 'दावे' हा 'दामन्'पासून आलेला आहे. मोल्सवर्थ यांच्या कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) 'निरगाठ' व 'सुरगाठ' हे दोन्ही शब्द आढळतात. पहिली सहजासहजी न सुटणारी, दुसरी टोक ओढताच उकलणारी. म्हणजे येथे भेद आकाराचा नसून सुटण्याचा आहे.

या भेदामागे व्यवहार आहे. दाव्याचा खुंट्यावरील वेढा असा घालावा लागतो, की जनावराच्या ओढीने टोक वेढ्याखाली दाबले जाऊन पकड घट्ट व्हावी. गळ्यातील फेरा मात्र आवळता कामा नये. तेथे सरकता फास प्राणघातक ठरतो. एकाच दोराच्या दोन टोकांस असे परस्परविरुद्ध नियम लागू होतात.

सोंडेच्या मोटेत हे कौशल्य अधिक कसास लागे. जाड नाडा वरच्या चाकावरून मोटेच्या तोंडाशी, तर बारीक सोंदूर खालच्या रुळावरून सोंडेशी जाई. दोहोंची दुसरी टोके जुवाशी बांधलेली असत. बैल धावेवरून उतरताना ताण येई, मागे सरताना तो ढिला पडे. सोंदुराची गाठ वीतभर सरकली, तरी सोंड खाली येऊन पाणी थारोळ्याऐवजी विहिरीतच सांडे. गाठ ही येथे केवळ बंधन नव्हती, तर मापही होती.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन आहे. त्या व्यवस्थेत दोर वळण्याचे काम मांगाकडे, मोट सांधण्याचे चांभाराकडे असे. कामे व हक्क यांची नोंद झाली. हाताच्या क्रियेची मात्र क्वचितच झाली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नीरा डावा कालवा आला, पुढे तेलाची इंजिने व विजेचे पंप आले, आणि मोट मागे पडली. 'निरगाठ' आज बहुधा मनाची किंवा नात्याची असते. मोट हाकलेल्या पिढीकडून या शब्दांमागील क्रिया वेळीच टिपून घेतली नाही, तर कोशात शब्द उरेल, परंतु त्याने सांगितलेली कृती कोणास करता येणार नाही.