शेळ्या-मेंढ्यांवरचे गोचीड, उवा, पिसवा : औषध मारूनही परत का येतात?

पावसाळा लागला की शेळ्या-मेंढ्या भिंतीला अंग घासायला लागतात, केस झडतात, करडं खंगतात. मग दुकानातून बाटली आणून फवारणी होते. आठ-पंधरा दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच. दरवेळी दोष औषधाचाच असतो असं नाही. फवारणीच्या वेळी यातले बरेच परजीवी जनावराच्या अंगावर नसतातच. ते भिंतीच्या भेगांत आणि लेंड्यांच्या थरात असतात, नाहीतर अंड्यांच्या रूपात असतात. म्हणून जनावर आणि गोठा यांची फवारणी एकाच दिवशी करायची आणि चौदाव्या दिवशी परत करायची, हाच खरा उपाय आहे.

कोण कुठे राहतं?

गोचीड : रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी आपोआप गळून पडते. भेगेत, दगडाखाली किंवा गव्हाणीच्या फटीत ती दोन-तीन हजार अंडी घालते आणि मरते. अंड्यातून सहा पायांची बारीक पिल्लं निघतात. ती उपाशीपोटी कित्येक आठवडे, काही वेळा महिनेही तग धरतात. जनावरावर गोचीड शोधायचे तर कानाच्या आत, जांघेत, कासेजवळ आणि शेपटीखाली बघावं. गोचीड रक्त तर पितातच, शिवाय थायलेरिया, बबेसियासारखे ताप आणणारे आजारही पसरवतात.

उवा : या जन्मभर अंगावरच राहतात. थंडीत आणि दाटीवाटीच्या गोठ्यात जास्त वाढतात. त्यांच्या लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात आणि बहुतेक औषधांनी मरत नाहीत. साधारण 8 ते 12 दिवसांत लिखा फुटून नव्या उवा निघतात. त्या अंडी घालायच्या आत माराव्या लागतात, म्हणून दुसरी फवारणी चौदाव्या दिवशी.

पिसवा : मोठ्या पिसवा अंगावर असतात, पण अळ्या आणि कोष खाली मातीत. लहान करडांचं रक्त यांच्यामुळे झपाट्याने कमी होतं.

खरूज : हे किडे डोळ्यांना दिसत नाहीत. शेळीच्या तोंडावर, नाकावर, कानांवर खपल्या येतात. मेंढीची लोकर पुंजक्यांनी गळते. शेळीची खरूज माणसालाही खाज आणते. नायटाही तसाच दिसतो, त्यामुळे अंदाजाने औषध न देता डॉक्टरांकडून कातडीची तपासणी करून घ्यावी.

जखमेतल्या अळ्या : करडाची ओली नाळ, खच्ची केल्याची जखम, लोकर कातरताना लागलेला काप यावर माशी बसते. साधारण एका दिवसात अळ्या पडतात. अशी जखम रोज बघावी.

पापणी बघा

जनावराच्या डोळ्याची खालची पापणी हलकेच ओढून बघावी. आतला भाग गुलाबी-लाल असेल तर ठीक. पांढरट दिसला तर रक्त कमी झालंय. पोटातल्या जंतांमुळेही असं होतं. त्यामुळे अशा जनावराला लगेच डॉक्टरांना दाखवावं.

फवारणी कशी करावी?

- आधी गोठा साफ करावा. लेंड्या आणि कचरा खरवडून लांब खड्ड्यात टाकावा. भेगा बुजवून चुना मारावा.
- सगळ्या जनावरांना एकाच दिवशी फवारावं. एक शेळी सुटली तरी तिच्यावरून परत पसरतात.
- ऊन असलेली, वारा नसलेली सकाळ निवडावी. आधी जनावरांना पाणी पाजावं, म्हणजे ती औषधाचं पाणी पीत नाहीत.
- डेल्टामेथ्रीन 1.25 टक्के किंवा अमिट्राझ 12.5 टक्के हे गोचिडांसाठी साधारण 2 मिली प्रति लिटर पाण्यात घेतात. बाटलीवरचं प्रमाण वाचूनच मोजावं. गोठ्यासाठीचं प्रमाण वेगळं असतं.
- कानाच्या मागे, जांघेत, शेपटीखाली औषध पोचलं पाहिजे. डोळे, तोंड आणि उघडी जखम सांभाळावी.
- लहान करडं, कोकरं आणि गाभण जनावरं असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.
- दूध काढण्याआधी कास धुवावी. दूध-मटण किती दिवस वापरायचं नाही हेही विचारून घ्यावं.

आयव्हरमेक्टीनचं 1 टक्क्याचं इंजेक्शन खरूज आणि रक्त पिणाऱ्या उवांवर चालतं. ते कातडीखाली, 50 किलो वजनाला 1 मिली देतात, म्हणजे 25 किलोच्या शेळीला अर्धा मिली. ते डॉक्टरांच्या हातूनच द्यावं.

एकच औषध वर्षानुवर्षं, तेही पातळ करून मारलं तर गोचीड त्याला सरावतात. औषधाचा गट डॉक्टरांच्या सल्ल्याने बदलावा.

हे अजिबात करू नये

कापूस-सोयाबीनवरची क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉससारखी कीटकनाशकं जनावरांवर मारू नयेत. त्यांनी विषबाधा होते. लाळ गळते, अंग थरथरतं, धाप लागते आणि जनावर दगावू शकतं. असं झालं तर अंग साध्या पाण्याने भरपूर धुवावं आणि डॉक्टरांना लगेच बोलवावं.

मेंढपाळांच्या वाड्यावर ओझ्याची घोडी असतात. अमिट्राझ घोड्याला घातक आहे. ते घोड्यावर मारू नये आणि त्याची बादली घोड्याच्या पाण्यासाठी वापरू नये. डेल्टामेथ्रीनचं उरलेलं पाणी ओढ्यात, शेततळ्यात सोडलं तर मासे मरतात.

गोचीड नुसत्या हाताने चिरडू नयेत. काही जातींच्या गोचिडांमुळे माणसाला क्रायमियन काँगो ताप होऊ शकतो. हा आजार देशात 2011 मध्ये गुजरातेत आढळला होता. हातमोजे घालून चिमट्याने गोचीड ओढावेत आणि रॉकेलच्या डब्यात टाकावेत.

वेळापत्रक लक्षात ठेवा

दिवस 1 : गोठा आणि सगळी जनावरं. दिवस 14 : पुन्हा दोन्ही. त्यानंतर दर आठवड्याला चार-पाच जनावरांचे कान आणि जांघा तपासाव्यात. बाजारातून आणलेलं नवं जनावर किमान दोन आठवडे वेगळं बांधावं, औषध करूनच कळपात सोडावं. अडचण आली तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं किंवा 1962 या टोल फ्री क्रमांकावर फोन करावा.