भयानक आणि बीभत्स : चित्रपटावरील शिक्क्याची कथा

सरकारी चाकरीत ज्याचे केस पिकले, त्याला शिक्क्याचे माहात्म्य निराळे सांगावे लागत नाही. कागदावर 'गोपनीय' असा शिक्का पडला, की ज्यांनी तो एरवी उघडूनही पाहिला नसता तेही माना उंचावू लागतात. आणि साध्या लखोट्यातून कधी असा हुकूम निघतो, की रात्रीची झोप उडावी. चित्रपटावर बसणाऱ्या वयाच्या शिक्क्याची गोष्टही याहून फारशी वेगळी नाही, हे आमच्या ध्यानात आले ते पुष्कळ वर्षांपूर्वी, बदलीच्या एका दूरच्या गावी. तेथील क्लबात शनिवारी रात्री पडदा बांधून चित्रपट दाखवीत. एकदा 'केवळ प्रौढांसाठी' असलेला भुताखेतांचा चित्रपट आला. मुलांना घरी ठेवून आम्ही गेलो आणि पडद्यावर वाहिलेले तांबड्या रंगाचे पाट पाहून हसत परतलो. पुढच्याच महिन्यात सर्वांसाठी मोकळा असलेला एक चित्रपट मुलांना दाखविला. त्यात रक्ताचा थेंबही नव्हता. रिकाम्या घरात एक दार आपोआप मिटत होते, एवढेच. आमची धाकटी कन्या त्यानंतर पंधरा दिवस दिवा मालवू देईना. चूक कोणाची? शिक्का मारणाऱ्याची, की शिक्क्यावर विसंबलेल्या बापाची? या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतिहासात शोधू लागलो, त्याचाच हा वृत्तांत.

आरंभ घरापासून करावा हे बरे. भरताच्या नाट्यशास्त्राने भयानक आणि बीभत्स हे दोन स्वतंत्र रस मानले आहेत. पहिल्याचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. पाय मागे घ्यावासा वाटणे वेगळे आणि नाकाला पदर लावावासा वाटणे वेगळे. विज्ञानकथेचा प्राण असलेला जो विस्मय, त्याचा अद्भुत रस तर आणखी निराळा. युद्ध, मरण यांसारख्या गोष्टी अंकात प्रत्यक्ष न दाखविता प्रवेशकातून सूचित कराव्या, असाही दंडक त्या ग्रंथात आहे. भासाच्या नावावर असलेल्या 'ऊरुभंगा'त दुर्योधन रंगभूमीवरच प्राण सोडतो, म्हणजे दंडक मोडणारेही होतेच. परंतु दोन रसांतला भेद आपल्या पूर्वसूरींनी ओळखला होता, हे महत्त्वाचे. पुढील सारा घोटाळा हा भेद विसरल्यामुळे झाला, असे आमचे मत आहे.

कीचकवधाचेच उदाहरण घ्या. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसू लागला आणि १९१० मध्ये सरकारने नाटकावर बंदी घातली. तेथे सरकारला भय रक्ताचे नव्हते, अर्थाचे होते. दहाच वर्षांनी, १९२० मध्ये, कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी तीच कथा 'सैरंध्री' या मूकपटात सांगितली. भीमाने केलेला कीचकाचा वध त्यांनी इतका हुबेहूब उभा केला, की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या आणि अखेर ते दृश्य गाळावे लागले, अशी हकीकत सांगतात. कथा एकच, एकदा कात्री लागली ती आशयाला, एकदा दृश्याला. १९१८ च्या चित्रपट कायद्यानुसार मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परीक्षण मंडळे स्थापन झाली तीही याच १९२० साली.

आता समुद्रापलीकडे जाऊ. १९३१ मध्ये जेम्स व्हेल यांचा 'फ्रँकेन्स्टाइन' आला. विज्ञानकथा आणि भयकथा यांची गाठ बांधणाऱ्या त्या चित्रपटात एक प्रसंग आहे. तळ्याकाठी एक लहान मुलगी त्या कृत्रिम मानवाबरोबर पाण्यात फुले सोडण्याचा खेळ खेळते. फुले संपतात तेव्हा, तीही फुलासारखी तरंगेल या भाबड्या समजुतीने तो तिला पाण्यात टाकतो. अनेक ठिकाणी हा भाग कापण्यात आला. परिणाम काय झाला? मुलीकडे पसरलेले त्याचे हात दिसत आणि पुढे बापाच्या हातांतले तिचे कलेवर. मधल्या पोकळीत प्रेक्षक जे भरी, ते मूळ दृश्याहून शतपट घोर असे. मूळ प्रसंगात करुणा होती. कात्रीने ती कापली आणि किळस तेवढी मागे ठेवली. पुढे १९८० च्या दशकात तो तुकडा जागी बसविण्यात आला.

अशा चित्रपटांसाठी ब्रिटिश मंडळाने १९३२ मध्ये 'एच', म्हणजे भयप्रद, हे चिन्ह काढले. १९५१ मध्ये त्याची जागा 'एक्स'ने घेतली आणि सोळा वर्षांखालील मुलांना अशा खेळास मज्जाव झाला. हेतू सावधगिरीचा होता. परंतु १९५५ मध्ये हॅमर कंपनीने अवकाशातून परतलेल्या एका शापित अंतराळवीराची कथा पडद्यावर आणली आणि नावातील 'एक्स्पेरिमेंट' या शब्दाचे पहिले अक्षर गाळून 'क्वाटरमास एक्स्पेरिमेंट'मधला 'एक्स'च ठळक केला. सरळच गोष्ट होती: मनाईचा शिक्का हीच जाहिरात झाली!

अमेरिकेत १९३४ पासून कडक अंमलात आलेल्या संहितेत वयाचा विचारच नव्हता. चित्रपट सर्वांना योग्य, नाहीतर कोणालाच नाही. १ नोव्हेंबर १९६८ रोजी तेथे वयानुसार वर्गवारी सुरू झाली. त्याच्या अवघा एक महिना आधी जॉर्ज रोमेरो यांचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' प्रदर्शित झाला होता. दुपारच्या खेळाला बालप्रेक्षकांची गर्दी होती. आरंभी ती मुले ओरडत, हसत होती. मग सभागृह निःशब्द झाले आणि एक नऊएक वर्षांची मुलगी आसनात निश्चल बसून रडत होती, असे समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी लिहून ठेवले आहे. चित्रपट कृष्णधवल, त्यातले रक्त म्हणजे चॉकलेटचा पाक. मुलांना हादरविले ते त्या पाकाने नव्हे, असे आम्हांस वाटते. ज्याच्या भरवशावर रात्र काढली तो नायकही शेवटी वाचत नाही, हे त्यांना सोसवले नाही.

याच्या अगदी उलट, त्याच वर्षीच्या स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'मध्ये एक यंत्र निद्रिस्त अशा तीन अंतराळवीरांचे प्राण घेते. रक्त नाही, आरोळी नाही. फलकावरील रेषा सपाट होतात आणि जीवनक्रिया थांबल्याची अक्षरे उमटतात. नव्या वर्गवारीत हा चित्रपट सर्वांसाठी खुला ठरला. कचेरीतल्या माणसाला तर त्या अक्षरांइतके भेसूर दुसरे काही वाटू नये!

तथापि रक्ताला काहीच महत्त्व नाही, असेही आम्ही म्हणणार नाही. १९८४ मध्ये 'इंडियाना जोन्स अँड द टेम्पल ऑफ डूम'मध्ये जिवंत माणसाच्या छातीतून हृदय उपसलेले दाखविले आणि तो चित्रपट केवळ पालकांच्या सल्ल्याच्या वर्गात बसला. पालक संतापले. तेव्हा खुद्द दिग्दर्शक स्पीलबर्ग यांनीच मधली पायरी सुचविली आणि त्याच वर्षी जुलैत 'पीजी-१३' हा वर्ग आला. बीभत्साला माप लागते आणि ते लावलेही पाहिजे, याची ही कबुलीच होय.

आपल्याकडे १९५२ च्या कायद्याखाली दीर्घकाळ 'यू' आणि 'ए' हेच मुख्य वर्ग होते. १९८३ मध्ये 'यूए'ची भर पडली. के. ए. अब्बास यांच्या खटल्यात १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरीक्षण व वर्गवारी वैध ठरविली. चित्रपट इतर कलांहून मनाला अधिक वेगाने भिडतो, हे त्यामागचे एक कारण. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा वर्षे असे तीन टप्पे केले. ही प्रगतीच म्हणावयाची. वय जितके बारकाईने पाहावे तितका न्याय अधिक.

मग शिक्क्याला अर्थ आहे की नाही? आहे, पण तो जुगुप्सेचे माप आहे. रक्त दिसते, मोजता येते, म्हणून परीक्षक ते मोजतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. भय हे पडद्यावर नसते, पाहणाऱ्याच्या मनात असते, आणि प्रत्येक मन वेगळे. ते मोजणारे मंडळ एकच: शेजारच्या खुर्चीवर बसलेले वडीलधारे माणूस. आता तर मुलाच्या हातातच पडदा आला आहे आणि ती शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असते. आमच्या दृष्टीने खरी भयकथा ती.

आमची कन्या आता स्वतः दोन मुलांची आई आहे. त्या रात्रीची आठवण आम्ही काढली, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, दाराची भीती नव्हती वाटली हो. दार मिटले तेव्हा मी वळून पाहिले, तर तुम्ही मागच्या रांगेत साहेबांशी बोलत होता."

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.