‘अवतार’ आणि ‘देहधारण’ : प्रवरेच्या खोऱ्यातील एक शब्दप्रश्न

1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणामुळे भंडारदरा सर्वपरिचित झाला. या खोऱ्याचा धार्मिक इतिहास मात्र त्याहून पुष्कळ जुना आहे. जलाशयाच्या वरच्या अंगाला रतनवाडीत अमृतेश्वराचे हेमाडपंती देवालय आहे. त्याच परिसरातून उगम पावणारी प्रवरा नेवाशावरून पुढे जाऊन गोदावरीला मिळते. नेवाशात मोहिनीराजाचे, म्हणजे अमृतवाटपासाठी विष्णूने घेतलेल्या स्त्रीरूपाचे मंदिर आहे. देवाने रूप धारण करावे, यात या नदीकाठच्या माणसाला नवल वाटण्याचे कारण नव्हते.

म्हणूनच 1831 मध्ये अहमदनगरला (आताच्या अहिल्यानगरला) अमेरिकन मराठी मिशनचे कार्य सुरू झाले, तेव्हा उपदेशकांपुढील अडचण वेगळीच होती. ‘देव मनुष्य झाला’ हे विधान ग्रीक तत्त्ववेत्त्याला अशक्य वाटे. येथील श्रोत्याला ते परिचित वाटे, आणि परिचयामुळेच त्यातील विस्मय नाहीसा होण्याचा संभव होता.

नेवासे येथे शके 1212 (इ. स. 1290) मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीचा चौथा अध्याय या संदर्भात महत्त्वाचा ठरतो. अमूर्त परमात्म्याचे साकार होणे तेथे आरशातील प्रतिबिंबाच्या दृष्टांताने समजावले आहे. कार्यासाठी देव नटासारखा रूप घेतो. अद्वैताच्या चौकटीत हे पूर्णपणे सुसंगत आहे, त्यात फसवणुकीचा भाव नाही. परंतु ख्रिस्ताचे शरीर केवळ भासमान होते, हे मत ख्रिस्ती मंडळीने आरंभीच्या शतकांतच त्याज्य ठरवले होते. 325 च्या निकिया परिषदेने त्याचे पूर्ण देवत्व मान्य केले. 451 च्या खाल्सेदोन परिषदेने पूर्ण देवत्व व पूर्ण मनुष्यत्व एकाच व्यक्तीत मिसळल्याशिवाय आणि विभागल्याशिवाय नांदतात, असे सूत्र मांडले. मोहिनीचे रूप कार्य संपताच मिटते. ख्रिस्ताने स्वीकारलेले मनुष्यत्व पुनरुत्थानानंतरही टाकले जात नाही. भूक, थकवा आणि मरण त्याच मनुष्यत्वाचे.

रामकथेत जन्म, वनवास व पत्नीविरह आहेत, तेव्हा अवतारकल्पना दुःखाला पारखी आहे असे म्हणणे घाईचे होईल. फरक मुख्यतः ‘युगे युगे’ आणि ‘एकदाच’ यांतील आहे. ‘देहधारण’ हा शब्द ख्रिस्ती मराठीत रूढ झाला तो याच गरजेतून, असे मानावयास जागा आहे. अर्थात ‘धारण’ म्हटले की वस्त्राप्रमाणे उतरवणेही सुचतेच. निर्दोष शब्द कोणालाच सापडला नाही.

शब्दांची ही जोखीम थॉमस स्टीफन्स यांनी फार पूर्वीच पत्करली होती. 1616 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, रोमन लिपीत छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’च्या सुमारे 11 हजार ओव्यांत स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. शब्द विष्णुभक्तांचा, आशय नवा. या इंग्रज जेझुइटाने मराठीची शब्दसंपदा शत्रुपक्षाची म्हणून नाकारली नाही, ही त्याची दृष्टी त्या काळात दुर्मीळ होती. एकोणिसाव्या शतकात अहमदनगरच्या मिशननेही कीर्तनाचा अंगीकार केला.

1895 मध्ये बाप्तिस्मा घेऊन अहमदनगरला आलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी हा प्रश्न व्याख्येऐवजी संबोधनाने हाताळला. तुकारामांच्या अभंगांवर पोसलेल्या या कवीने ख्रिस्ताला गुरू व माउली या नात्यांनी हाक मारली. वारकरी मनाला सगुणाची जी जवळीक ठाऊक होती, तिच्याच आधारे त्यांनी देवाचे मनुष्यत्व जवळ आणले. सिद्धान्ताच्या दृष्टीने ही वाट काटेकोर नसेल. मराठी ख्रिस्ती भक्ती मात्र तिनेच रुजली. ‘ख्रिस्तायन’ या नावातच रामकथेचा धागा त्यांनी उघडपणे स्वीकारला. 1919 मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते काव्य आरंभीच्या अध्यायांवरच थांबलेले होते. पुढील बहुतेक सर्व रचना लक्ष्मीबाई टिळकांनी केली.