गीसेनची प्रयोगशाळा आणि सहकाराचे शिक्षण

जर्मनीतील गीसेन या लहानशा गावातील एका प्रयोगशाळेचे चित्र रसायनशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. १८४२ साली ट्राउटशोल्ड नावाच्या चित्रकाराने ते रेखाटले. बाटल्यांनी भरलेल्या फळ्या, लांब मेजे आणि त्या मेजांभोवती कामात गढलेली तरुण मंडळी, असा तो देखावा आहे. कोणी हाती काचेचे उपकरण धरून पाहत आहे, कोणी शेजाऱ्याशी बोलत आहे. ही प्रयोगशाळा ज्याने उभारली, आणि जिच्या नावाबरोबर ज्याचे नाव कायमचे जोडले गेले, तो युस्टुस लीबिग मात्र या चित्रात कोठेही दिसत नाही. गुरू जवळ नाही आणि काम अव्याहत चालले आहे. या प्रयोगशाळेचे सारे मर्म या एका गोष्टीत साठविलेले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

विज्ञानाचा विद्यार्थी म्हणजे पुस्तकात डोके खुपसून बसणारा एकलकोंडा जीव, अशी एक समजूत चांगल्या सुशिक्षित घरांतूनही आढळते. मुले गणित-विज्ञानाकडे वळली की आईबापांस त्यांच्या चरितार्थाची काळजी उरत नाही. परंतु चार माणसांत मिसळून काम कसे करावे, याचे शिक्षण मात्र त्यांनी दुसरीकडे कोठे तरी घ्यावे, असे त्यांस वाटत असते. गीसेनचा इतिहास याच्या नेमकी उलट साक्ष देतो.

लीबिगचा जन्म १८०३ साली डार्मस्टाट येथे झाला. बाप रंग आणि औषधी द्रव्ये यांचा व्यापारी. दुकानाच्या मागील बाजूस द्रव्ये तयार करण्याचा जो लहानसा खटाटोप चाले, तीच या मुलाची खरी शाळा. गावातील विद्यालयात त्याची गणना मठ्ठ मुलांत होई. एके दिवशी मास्तरांनी त्याला सर्वांदेखत विचारले की, तुझे पुढे होणार तरी काय? मी रसायनशास्त्रज्ञ होणार, असे त्याने उत्तर दिले, तेव्हा सारा वर्ग आणि त्याबरोबर स्वतः मास्तरही पोट धरून हसले. हा प्रसंग लीबिगने उतारवयात स्वतःच लिहून ठेवला आहे. हसणाऱ्यांसही फारसा दोष देता येत नाही. रसायनशास्त्रावर कोणाचे पोट भरू शकेल, हे त्या काळी कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

पुढे बॉन आणि एर्लांगेन येथील विद्यापीठांत तो शिकला. तेथे व्याख्याने पुष्कळ ऐकावयास मिळत. परंतु स्वतःच्या हाताने काही करून पाहण्याची सोय जवळजवळ नव्हती. १८२२ साली तो पॅरिसला गेला. तेथे अलेक्झांडर हम्बोल्ट या थोर पंडिताची त्याच्यावर मर्जी बसली आणि त्याच्या शिफारशीने गे-ल्यूसॅकने या अननुभवी तरुणास आपल्या खासगी प्रयोगशाळेत घेतले. फ्रान्समधील नामांकित रसायनशास्त्रज्ञ आणि एक परदेशी विद्यार्थी हे दोघे एकाच मेजाशी उभे राहून स्फोटक क्षारांचे पृथक्करण करू लागले. शिकणे म्हणजे जाणत्याच्या खांद्याशी खांदा लावून काम करणे, ही गोष्ट लीबिगच्या मनावर ठसली ती येथे.

१८२४ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हम्बोल्टच्याच वशिल्याने तो गीसेन येथे प्राध्यापक झाला. लवकरच त्याने दोन सहकाऱ्यांसह विद्यापीठापुढे एक योजना मांडली. औषधविक्रेते व कारखानदार यांना रसायनशास्त्र प्रत्यक्ष कृतीने शिकविणारी संस्था काढावी, अशी ती योजना होती. विद्यापीठाच्या धुरीणांनी ती फेटाळली. सरकारी अंमलदार तयार करणे हे विद्यापीठाचे कार्य. औषधे विकणारे आणि साबण करणारे तयार करणे हे नव्हे, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा संस्था खासगी रीतीने सुरू करावी लागली. जागा मिळाली ती लष्कराच्या रिकाम्या पडलेल्या बराकीलगतची पहारेकऱ्यांची इमारत. धूर बाहेर जाण्यास पुरेशी वाट नाही, जागा अपुरी, पैशाची सदा ओढाताण. अशा स्थितीत विज्ञानशिक्षणाच्या इतिहासातील एका नव्या अध्यायास आरंभ झाला.

या अध्यायाच्या मुळाशी एक साधे उपकरण आहे. वनस्पतिज किंवा प्राणिज पदार्थात कार्बन किती आहे, हे नेमके काढणे त्या काळी अत्यंत कौशल्याचे काम होते. युरोपातील मोजक्या सिद्धहस्त मंडळींनाच ते साधे आणि त्यांनाही त्यास फार दिवस लागत. १८३१ साली लीबिगने त्यावर एक युक्ती प्रसिद्ध केली. पदार्थ वजन करून घ्यावा, तांब्याच्या ऑक्साइडबरोबर काचेच्या नळीत घालून निखाऱ्यांवर तापवावा. निघणारी वाफ एका नळीतील कॅल्शियम क्लोराइडने शोषून घ्यावी आणि कार्बन डायॉक्साइड वायू पाच गोलकांच्या एका त्रिकोणी काचपात्रातील दाहक पोटॅशच्या द्रावणातून जाऊ द्यावा. त्या पात्राचे वजन आधी करावे व नंतर करावे. जितकी वाढ तितका वायू. बस्स, इतकेच! अमेरिकन केमिकल सोसायटीच्या बोधचिन्हात आजही हेच काचपात्र कोरलेले दिसते.

या युक्तीचा परिणाम मात्र केवळ रसायनापुरता राहिला नाही. जे काम पूर्वी एखाद्या किमयागाराच्या हातगुणावर अवलंबून होते, ते आता शिस्तीने शिकलेला कोणताही विद्यार्थी करू शकला. आणि दहा जणांनी एकाच रीतीने काढलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येऊ लागले. एकाचे काम दुसऱ्याच्या उपयोगी पडण्यास आधी दोघांचे माप एक असावे लागते. माप एक झाले म्हणजे विश्वास उत्पन्न होतो, आणि विश्वास उत्पन्न झाला म्हणजे कामाची वाटणी करता येते. सहकार्यावर कितीही प्रवचने दिली तरी जे साधत नाही, ते एका तराजूने साधले.

प्रयोगशाळेचा दैनंदिन क्रमही असाच बोधप्रद होता. रोज सकाळी प्रत्येक विद्यार्थ्याने आदल्या दिवशी काय केले आणि आज काय करण्याचा विचार आहे, ते लीबिगपुढे सांगावयाचे. लीबिग मान डोलवी किंवा उणिवा दाखवी. परंतु वाट ज्याची त्यानेच शोधावयाची, असा दंडक होता. एकत्र वावरल्यामुळे प्रत्येकास इतरांच्या कामाची माहिती असे, आणि त्यामुळे प्रत्येक जण सर्वांपासून शिके, असे लीबिगने पुढे नमूद केले आहे. नवख्यांना जुने विद्यार्थी व साहाय्यक हाताशी धरीत. कोणाचे संशोधन पुरे झाले की लीबिग ज्याचा संपादक होता त्या नियतकालिकात ते त्या विद्यार्थ्याच्याच नावाने छापले जाई. शिष्याच्या श्रमावर गुरूने आपली मोहोर उठवू नये, हाही सहकाराचाच एक धडा होय. काम पहाटेपासून रात्रीपर्यंत चाले. गावात करमणूक अशी नव्हतीच. आउबेल नावाचा प्रयोगशाळेचा नोकर तेवढा कुरकुरे. कारण संध्याकाळी झाडलोट करावयाची तर ही मंडळी जागा सोडीत नसत.

एवढ्यावरून लीबिग हा मोठा शांत, समजूतदार पुरुष असेल असा कोणाचा समज होईल, तर तो खोटा ठरेल. तो अत्यंत तापट होता. विद्वानांशी कडाक्याचे वाद घालण्यात त्याच्या आयुष्याचा बराच भाग खर्ची पडला. त्याचा जिवलग मित्र फ्रीड्रिख व्होलर याच्याशी त्याची ओळखही वादानेच झाली. लीबिगने तपासलेला रुप्याचा एक क्षार स्फोटक, तर व्होलरने तपासलेला निरुपद्रवी. आणि तरी दोघांच्या पृथक्करणात घटकांचे प्रमाण एकच निघाले. व्होलरचेच काही चुकले असावे, असे लीबिगला वाटले. परंतु पुन्हा तपासणी करता दोघेही बरोबर ठरले. घटक व त्यांचे प्रमाण एक असूनही पदार्थ भिन्न असू शकतात, हे सत्य या भांडणातूनच स्पष्ट होत गेले. बर्झेलियसने १८३० साली त्यास स्वतंत्र नाव दिले. मापाला प्रमाण मानले म्हणूनच या भांडणाची मैत्री होऊ शकली. १८३२ साली व्होलरची तरुण पत्नी वारली. दुःखात बुडालेल्या मित्रास लीबिगने गीसेनला बोलावून घेतले, आणि त्या काळात दोघांनी मिळून कडू बदामाच्या तेलावर जे संशोधन केले, ते सेंद्रिय रसायनशास्त्राच्या पायाचा एक दगड ठरले. पुढे लीबिग आणखी एका वादात उतरू पाहत असता व्होलरने त्यास पत्रातून समजाविले की, १९०० साली आपण दोघेही कार्बन डायॉक्साइड, पाणी आणि अमोनिया होऊन गेलेले असू. मग आपल्या भांडणाची आठवण कोणाला राहणार?

स्वभावाने भांडखोर असलेल्या माणसाच्या हातून सहकाराची एवढी मोठी शाळा उभी राहिली, यातील रहस्य हेच की तिची मदार कोणाच्या गोड स्वभावावर नव्हती. कामाच्या रचनेवर होती. अशा शिक्षणाची परीक्षा शिष्य पुढे जेथे जातील तेथे होते. ऑगस्ट विल्हेल्म हॉफमान प्रथम कायद्याचा विद्यार्थी होता. त्याचा बाप स्थापत्यकार असून १८३९ साली प्रयोगशाळेची वाढ करण्याचे काम त्याच्याकडे होते. मुलगा तेथे आला आणि तेथेच रमला. १८४५ साली तो लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीचा प्रमुख झाला, आणि १८६७ साली बर्लिन येथे जर्मन रसायनशास्त्रज्ञांची संस्था स्थापण्यात त्याने पुढाकार घेतला. केकुले हा वास्तुकला शिकण्यासाठी गीसेनला आला आणि लीबिगची व्याख्याने ऐकून रसायनाकडे वळला. हॉर्सफर्डने अमेरिकेत हार्वर्ड येथे अध्यापन केले आणि स्वयंपाकघरातील बेकिंग पावडरच्या धंद्यास वळण लावले.

सर्वांत बोलके उदाहरण लायन प्लेफेअरचे. हा भारतातच, गंगातीरावरील चुनार येथे, १८१८ साली जन्मला. गीसेनहून पदवी घेऊन परतल्यावर त्याने शहरांच्या आरोग्याची पाहणी करणाऱ्या आयोगावर काम केले. १८५१ साली लंडनचे जंगी प्रदर्शन भरले तेव्हा जगभरच्या असंख्य वस्तूंची ३० वर्गांत विभागणी करण्याची योजना त्याने आखली. पुढे तो पार्लमेंटचा सभासद झाला आणि १८७३ साली ब्रिटनच्या टपाल खात्याचा मुख्य अधिकारी झाला. टपाल खात्यात रसायनाची सूत्रे कशास लागणार? परंतु मोठे काम लहान भागांत वाटणे, प्रत्येकाकडून नेमका हिशेब घेणे आणि सर्वांचे काम पुन्हा एकत्र जुळविणे, हे गीसेनच्या मेजाशी अंगवळणी पडलेले वळण कोठे वाया जाते?

सहकार म्हणजे होयबापणा नव्हे, हे दुसऱ्या एका शिष्याने दाखविले. जोसेफ हेन्री गिल्बर्ट याने १८४० साली गीसेनची पदवी घेतली आणि १८४३ साली तो इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज या जमीनदाराबरोबर शेतीचे प्रयोग करू लागला. दोघांचे हे सहकार्य १९०० साली लॉजच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे ५७ वर्षे टिकले. पिकांना लागणारा नत्र हवेतून व पावसातून पुरेसा मिळतो, असे लीबिगचे मत. गव्हाच्या वाफ्यांवरील अनुभव मात्र तसा नव्हता. खतातून नत्र घातल्याखेरीज पीक भरत नाही, असे या जोडीला दिसून आले आणि त्यांनी ते निर्भीडपणे जाहीर केले. लीबिग संतापला. शिष्याने गुरूच्याच तराजूने गुरूचे मत तोलले होते! १८४५ सालचे लीबिगचे स्वतःचे खतही शेतात फसले. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून त्याने ते न विरघळणारे केले, आणि त्यामुळे ते पिकांनाही मिळेना. या बाबतीतील आपली चूक त्याने पुढे आपल्या ग्रंथात उघडपणे कबूल केली. नत्राविषयीचा हट्ट मात्र त्याच्याने सहजासहजी सुटला नाही. चूक कबूल करण्याची विद्या शिकविणाऱ्यासही ती आचरणे जड जाते, हेही या इतिहासाचे एक सत्य आहे.

आणखी एक उणीव डोळ्याआड करता येत नाही. ट्राउटशोल्डच्या चित्रात एकही स्त्री नाही. जर्मन विद्यापीठांची दारे स्त्रियांस रीतसर उघडली ती १९०० ते १९०९ या काळात. म्हणजे एकत्र कामाच्या या शाळेने अर्ध्या समाजास दीर्घकाळ उंबऱ्याबाहेरच ठेवले होते. सहकाराचे गुणगान करताना मेजाशी कोणाला जागा मिळाली नाही, हेही पाहिले पाहिजे.

१८५२ साली लीबिग म्युनिकला गेला आणि १८७३ साली तेथेच वारला. परंतु गीसेनची रीत जगभर पसरली. २०१५ साली हिग्ज कणाच्या वस्तुमानाविषयी जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्याच्या लेखकांची संख्या ५,१५४ होती. एवढ्या माणसांचे एकमेकांशी पटत होते म्हणून तो सिद्ध झाला, असे नव्हे. एकाचे माप दुसऱ्यास पटत होते म्हणून सिद्ध झाला. शाळेच्या प्रयोगशाळेत एक विद्यार्थी घड्याळ पाहतो, दुसरा उष्णतामापकावरील आकडा वाचतो आणि तिसरा तो वहीत टिपतो, तेव्हा त्याच रीतीचा श्रीगणेशा होत असतो. त्यांपैकी कोणी पुढे वकील होईल, कोणी दुकान चालवील, कोणी कचेरी सांभाळील. आपण वाचलेल्या आकड्यावर दुसऱ्याचे काम उभे राहणार आहे, ही जाणीव त्यांस सर्वत्र उपयोगी पडेल.

गीसेनची ती इमारत अद्याप उभी असून १९२० सालापासून तेथे लीबिगचे स्मारक-संग्रहालय आहे. आता तेथे कोणास संध्याकाळी हुसकावून बाहेर काढावे लागत नाही. आउबेलची ती जुनी तक्रार मात्र ज्या शाळेच्या शिपायास आज करावी लागत असेल, त्या शाळेच्या शिक्षकांनी धन्यता मानावी.