मैदानावरचा नियम आणि मैदानाबाहेरचा

खेळाने विद्यार्थ्याचे चारित्र्य घडते, हे वाक्य शाळा-महाविद्यालयांच्या वार्षिकांकांतून आणि क्रीडामहोत्सवांच्या भाषणांतून आपण इतक्या वेळा ऐकतो, की ते प्रथम कोठे आणि कोणासाठी मांडले गेले असा प्रश्नच मनात येत नाही. या विधानाला इतिहास आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी तो पाहायला हवा असे आम्हांला वाटते, कारण त्याच्या प्रसारात एका कादंबरीचा मोठा वाटा आहे.

थॉमस ह्यूजची ‘टॉम ब्राउन्स स्कूल डेज’ ही कादंबरी 1857 मध्ये प्रसिद्ध झाली. तिची पार्श्वभूमी इंग्लंडमधील रग्बी शाळेची आहे. स्वतः ह्यूज तेथेच, मुख्याध्यापक थॉमस अर्नोल्ड यांच्या कारकिर्दीत (1828–1842) शिकला होता. अर्नोल्ड यांचा भर धार्मिक आणि नैतिक शिक्षणावर होता. खेळाला त्यांनी काही तत्त्वज्ञान मानले नव्हते. कादंबरीने मात्र फुटबॉल आणि क्रिकेटचे मैदान मुलाच्या जडणघडणीच्या मध्यभागी आणून ठेवले. पुढे साम्राज्याचे अध्यापक वसाहतींत गेले तेव्हा व्याकरणाच्या पुस्तकांबरोबर ही धारणाही त्यांच्या सामानात होती.

या शिक्षणाचे फलित काय झाले, याची सर्वांत प्रामाणिक साक्ष आम्हांला त्रिनिदादच्या सी. एल. आर. जेम्स यांच्या ‘बियाँड अ बाउंडरी’ (1963) या ग्रंथात आढळते. 1901 मध्ये एका कृष्णवर्णीय शिक्षकाच्या घरी जन्मलेल्या या मुलाला पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स रॉयल कॉलेजात शिष्यवृत्ती मिळाली. वडिलांची अपेक्षा होती की तो पुढची शिष्यवृत्ती मिळवील, विलायतेला जाईल, नावारूपास येईल. मुलाचे चित्त मात्र क्रिकेट आणि इंग्रजी कादंबऱ्या यांत गुंतले, आणि घरच्यांची निराशा झाली.

या शाळेचे जेम्स यांनी केलेले वर्णन नेहमीच्या उपदेशाला छेद देणारे आहे. वर्गात मुले सर्रास खोटे बोलत, एकमेकांचे पाहून लिहीत, आणि त्याची कोणाला लाज वाटत नसे. तीच मुले मैदानात उतरली की पंचाच्या निर्णयाविरुद्ध अवाक्षर काढीत नसत. संघाच्या हितापुढे स्वतःच्या धावा गौण मानीत. हरल्यावर कुरकुर करीत नसत. म्हणजे मैदानावरचा सद्गुण आपल्या पायांनी चालत वर्गात येत नव्हता. तरीही तो खोटा नव्हता. पुढे अमेरिकेत असताना, 1950 च्या सुमारास, विद्यापीठांच्या बास्केटबॉलपटूंनी पैसे घेऊन सामने विकल्याच्या बातम्या जेम्स यांच्या कानी आल्या. त्यांना धक्का बसला. बरोबरच्या तरुण अमेरिकन सहकाऱ्यांना मात्र त्यात विशेष गैर वाटले नाही. शाळा सोडून तीसहून अधिक वर्षे झाली होती, राजकीय विचार पार बदलले होते, पण मैदानावरचा तो अलिखित नियम अंगात मुरलेला होता.

याच खेळाची दुसरी बाजू जेम्स लपवीत नाहीत. शाळा संपल्यावर कोणत्या क्लबात खेळायचे हा प्रश्न आला. त्रिनिदादचे क्लब त्वचेच्या रंगानुसार आणि सामाजिक स्थानानुसार विभागलेले होते. मेपल हा उजळ वर्णाच्या मध्यमवर्गाचा क्लब, तर शॅनन हा कृष्णवर्णीय कनिष्ठ मध्यमवर्गाचा. लिअरी कॉन्स्टंटाइन तेथला. जेम्स यांनी मेपलची निवड केली. या निवडीने आपण सामान्य लोकांपासून दुरावलो आणि आपली राजकीय वाढ कित्येक वर्षे खुंटली, असा निष्कर्ष त्यांनी पुढे स्वतःच काढला.

पुढे 1960 मध्ये, ‘द नेशन’चे संपादक या नात्याने, त्यांनी वेस्ट इंडिजचे कर्णधारपद फ्रँक वॉरेल यांना मिळावे म्हणून मोहीम चालवली. त्यापूर्वी एका संपूर्ण कसोटी मालिकेसाठी कृष्णवर्णीय कर्णधार कधी नेमला गेला नव्हता. 1960–61 च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यावर वॉरेल यांनी संघाचे नेतृत्व केले. या मोहिमेमागचा युक्तिवाद साधा होता: गुणवत्तेप्रमाणे जागा मिळते असे तुम्हीच आम्हांला मैदानावर शिकवले, मग कर्णधार निवडताना तो नियम कोठे जातो?

हा प्रश्न त्रिनिदादपुरता नव्हता. साम्राज्याचे क्रिकेट जेथे जेथे रुजले तेथे तो उभा राहिला, आणि मुंबई-पुण्यात तो वर्णाऐवजी जातीच्या रूपाने आला. चांभार समाजातले पाळवणकर बाळू यांची गोलंदाजी हिंदूंच्या संघाला हवी होती. पण पुण्यात चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंचे कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. 1920 मध्ये त्यांच्या भावांनी, विठ्ठल आणि शिवराम यांनी, या अन्यायाविरुद्ध संघातून अंग काढून घेतले. अखेर 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी ती स्पर्धा जिंकली. ज्यांनी आयुष्यभर पंचाचा निर्णय मानला, त्यांनी निवड समितीचा निर्णय मात्र मानला नाही. या दोन्ही गोष्टींत आम्हांला विसंगती दिसत नाही. दोन्हींच्या मुळाशी नियमाविषयीचा एकच आदर आहे.

म्हणून खेळाने चारित्र्य घडते हे आम्ही नाकारत नाही. त्याच्या नेहमीच्या अर्थाला एक जोड देऊ इच्छितो. खेळ विद्यार्थ्याला नियम पाळायला शिकवतो, एवढ्यावर आपण सहसा थांबतो. जो तो मनापासून शिकतो, त्याला नियम कोठे मोडला जातो आहे हेही दिसू लागते: संघनिवडीत, शुल्कात, मैदानाच्या फाटकाशी. असा विद्यार्थी संस्थेला गैरसोयीचा वाटण्याची शक्यता आहे. वार्षिकांकात चारित्र्याची थोरवी गाताना ही गैरसोय सोसण्याची तयारी आपण अध्यापकांनी ठेवली पाहिजे.