मनोरीला गोवा म्हणणाऱ्यांस

मार्व्याच्या धक्क्यावरून तरीने खाडी ओलांडून मनोरीस उतरलेला मुंबईकर, माडांची राई, घरांपुढचे क्रूस आणि मऊ रेती एका नजरेत सामावताच, ‘हा तर आपला छोटा गोवा’ असा निर्वाळा देऊन मोकळा होतो. या निर्वाळ्याची गंमत ज्यांना कळते, ते गावकरी सहसा काही बोलत नाहीत.

मूळ धनी एकच, हे खरे. 1510 मध्ये गोवा घेणाऱ्या पोर्तुगीजांस 1534 च्या तहनाम्याने गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिच्या भोवतालचा मुलूख दिला. परंतु 1739 मध्ये चिमाजीअप्पांच्या फौजेने प्रथम मनोरीच्या उत्तरेकडील धारावीचा कोट (झोपडपट्टीची धारावी निराळी) आणि पाठोपाठ वसई जिंकली, तेव्हा येथील फिरंगी अंमल संपुष्टात आला. गोव्यात तो 1961 पर्यंत टिकला. पुढे 1774 त हा साष्टीचा मुलूख इंग्रजांनी बळकावला आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने तो त्यांच्याकडे कायम झाला. फिरंगी अंमलातल्या दोन शतकांच्या या फरकामुळे आडनावे फिरंगी राहिली, तरी चूल, भांडण आणि लग्नातली गाणी मराठीच राहिली. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिरीवरून वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणण्याची रीत आणि ऑक्टोबरात नव्या भाताच्या लोंब्या देवळात वाहण्याचा आगेरा, हे त्या जीवनाचे दोन ठळक प्रसंग.

याहून मौजेची गोष्ट 1887 सालची. मुंबईत नोकऱ्यांसाठी गोवा व मंगळूरहून आलेल्या ख्रिस्ती उमेदवारांत आपली गणना होऊ नये, म्हणून येथल्या मूळ ख्रिस्ती समाजाने, कंपनी सरकारच्या जुन्या चाकरीची आठवण देणारे ‘ईस्ट इंडियन’ हे नाव व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी धारण केले. ज्यांनी आपण गोवेकर नाही हे सांगण्यासाठी नवे नाव घेतले, त्यांच्याच दारी उभे राहून आपण गोवा पाहतो!

पावसाळ्यापूर्वी यावे. वलांडीवर जबड्यात जबडा अडकवलेले बोंबील वाळत असतात; आणि भाजून उखळात कुटलेल्या वीस-पंचवीस जिनसांचा मसाला काठीने ठासून बाटल्यांत भरला जातो. उजेडाने रंग जाऊ नये म्हणून त्या बाटल्या बियरच्या, गडद तपकिरी. ओट्यावर त्यांची रांग पाहून पाहुण्याला पुन्हा गोवा आठवतो, आणि एखादी मावशी त्याला बूच काढून वास घ्यायला लावते.